गोष्ट सगळ्यांची, पात्र जिचं तिचं

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बाया. आज हप्ता, व्याज, वसुली यातलं काही बोलणार नाही. आज गोष्टीबद्दल बोलू. एकटीनं लिहिलेल्या नाही, सहाजणींनी मिळून रचलेल्या गोष्टीबद्दल.

मिळून गोष्ट रचायची म्हणजे काय? प्रत्येकीनं एक पात्र घ्यायचं. एक सासू होते, एक सून होते, एक दुकानदार. मग एकीनं सांगायचं, माझ्या पात्रानं हे केलं. दुसरीनं सांगायचं, त्यावर माझं पात्र असं बोललं. अशी गोष्ट पुढं सरकते. शेवट काय होणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. जगभर अनेक लोक इंटरनेटवर असं लिहितात, एकमेकांचं तोंडही न पाहता. त्याला रोलप्ले म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा पात्र घेऊन गोष्ट खेळण्याचा खेळ निघाला, तिथून ही आवड फार पसरली.

पण आपल्याला हे खरंच नवं आहे का? जातं आठवा. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा एक आणि हात दोघींचे. एकीनं ओवी धरली की दुसरीनं उचलायची. ओवीत भाऊ यायचा, सासू यायची, सीतेचा वनवास यायचा. गंगाखेडची जनाबाई दळायला बसली की विठ्ठल समोर येऊन दळू लागायचा, असं आपल्याकडं सांगतात. एकटीनं दळणं जड जातं, हे देवालाही कळलं होतं. आणि पंचमीला माहेरी आलेल्या लेकी फेर धरतात, तेव्हा गाण्यातली सासू कोण होते आणि सून कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

या ओव्या वाऱ्यावर गेल्या असत्या. पुण्याच्या गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे आहेत, त्यांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. हे नावाचं लक्षात ठेवा, पुढं त्यावर बोलायचं आहे.

आता आमच्या गोष्टीकडं येऊ. आम्ही सहाजणी. कुणी अहमदपूरकडची, कुणी जळकोटकडची, कुणी कंधार, मुखेडची. काहीजणींची तर प्रत्यक्ष भेटही झालेली नव्हती. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला. जिला लिहिता येतं तिनं लिहायचं, जिला येत नाही तिनं आवाज भरून पाठवायचा. स्वयंपाकपाणी आटोपलं की एकेक निरोप यायचा.

गोष्ट अशी होती. सखू चौदा वर्षांची. आईबापानं मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. मग सखूला ठेवायचं कुणाजवळ? एकजण सखू झाली, एक आई, एक बाप, एक आजी, एक मुकादम आणि एक शाळेतल्या बाई.

एके रात्री बाप झालेल्या मैत्रिणीनं निरोप टाकला : "बापानं सोयरीक जमवली. सखू मुकाट्यानं तयार झाली." लगेच सखू झालेलीचा आवाज आला : "सोयरीक तू जमव, बाप तुझा आहे. पण मुकाट्यानं तयार व्हायचं का नाही, ते मी सांगणार. सखू माझी आहे."

मैत्रिणींनो, मिळून गोष्ट रचण्याचा सगळ्यात मोठा नियम हाच आहे. आपण आपल्याच पात्राचं बोलायचं. माझ्या पात्रानं हात उगारला, एवढं मी सांगू शकते. समोरचीनं मार खाल्ला, का हात धरला, का घर सोडलं, हे जिचं पात्र तिनं सांगायचं. इंटरनेटवर लिहिणारे लोकही हाच नियम पाळतात.

सखू झालेलीनं मग सांगितलं, की सखूनं शाळेतल्या बाईंना गाठलं. बाईंनी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दिला. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस झाल्याशिवाय लग्न कायद्यात बसत नाही, हेही सांगितलं. आम्हाला वाटलं, झालं, सुटली सखू. पण बाप काही गप्प बसेना. तो म्हणाला, "कायदा मला मान्य आहे. पण सहा महिने मी फडात असणार. रात्री माझ्या पोरीच्या घराची कडी कोण लावणार, ते सांगा."

तीन दिवस ग्रुपवर एकही निरोप आला नाही. कारण या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नव्हतं. बाप झालेल्या मैत्रिणीचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. ती म्हणाली, "आयुष्यभर बापावर राग होता. त्याच्या तोंडानं बोलले, तेव्हा त्याची भीती कळली. राग गेला नाही, पण भीती कळली." तिला विचारूनच आम्ही हे इथं सांगत आहोत.

चौथ्या दिवशी आजी बोलली. पोर माझ्याजवळ राहील, पण राशन कोण भरणार, आणि मी आजारी पडले तर? मग गोष्ट बाजूला ठेवून आम्ही खरोखरची चौकशी केली. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते, आईबाप बाहेर असताना लेकरांची शाळा सुटू नये म्हणून. आपल्या गावात ती आहे का, नसली तर मागणी कुणाकडं करायची, हे आमच्यातल्या तिघींनी शाळेत जाऊन विचारलं. गोष्टीतल्या पोरीसाठी विचारायला गेलो आणि गावातल्या पोरींची यादी घेऊन आलो.

गोष्टीत सखू आजीजवळ राहिली. बाप तिच्याशी न बोलता ट्रॅक्टरवर चढला. पट्टा पडल्यावर तो परत येईल तेव्हा काय होईल, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

याचा फायदा काय, असं तुम्ही विचाराल. एका बैठकीत कर्जाचा ठराव चालला होता. एका बाईबद्दल दुसरीच म्हणाली, "तिला नको आहे कर्ज." जी कधी बोलत नाही ती बाई उठली आणि म्हणाली, "माझं पात्र माझं. मला शेळ्यांसाठी पंधरा हजार पाहिजेत." सगळ्या हसल्या, आणि ठराव लिहिला गेला.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर काही गोष्टी आधी ठरवून घ्या. पाच-सहाजणी पुरेत. गावातल्या खऱ्या माणसांची नावं पात्रांना देऊ नका. सून झालेली बाई बोलते ते तिच्या घरचंच, असं कुणी धरू नये, आणि तसं विचारूही नये. एखादीच्या खऱ्या दुःखाचं गोष्टीत काही घ्यायचं तर आधी तिला विचारा. बोलता बोलता कुणाचा जीव भरून आला, तर तिनं एवढंच म्हणायचं : "जातं थांबवा." का थांबवायचं हे विचारायचं नाही, लगेच थांबायचं. ग्रुपवरचा आवाज सगळ्यांच्या होकाराशिवाय बाहेर पाठवायचा नाही. आपल्या बायांना एका फॉरवर्डची किंमत किती दिवस मोजावी लागते, ते आपण जाणतो. आणि गोष्ट कुठं छापायची, वाचायची झाली तर नावं सगळ्यांची लागली पाहिजेत, नाहीतर सगळ्यांच्या संमतीनं कुणाचंच नको. ओवी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली, म्हणून ती बिनधन्याची होत नाही.

पुढच्या बैठकीत वसुली झाली, सह्या-अंगठे झाले, की अर्धा तास काढा. पहिलं वाक्य आम्ही देतो : "बाजाराच्या दिवशी ती घरी आली तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि किल्ली शेजारणीकडं नव्हती." आता कुलूप कुणी लावलं, शेजारीण काय म्हणाली, आणि ती कुठं गेली, हे तुमच्यातल्या जिचं पात्र तिनं सांगायचं आहे.