किरणोपचार अर्ध्यावर सुटू नये म्हणून
(आरोग्यविषयक अभ्यासवर्गातील भाषण)



१९६६ साली लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे राहिले, तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांचे सहकारी संघसंस्कारातून त्या उपेक्षित भागात स्थिरावले. आज धाराशिवच्या कर्करुग्णाने मुंबईच गाठावी अशी स्थिती नाही. लातूर आहे, सीमेपलीकडे बार्शी आहे. तरीही तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाचे काही रुग्ण किरणोपचार अर्धवट टाकून गावी परततात. कारण ऐकायला क्षुल्लक वाटते : तोंड येणे.

हे नेहमीचे तोंड येणे नव्हे. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. तोंडाच्या अस्तरातील पेशी सतत नव्याने घडत असतात, म्हणून किरणांचा आघात त्यांना लवकर जाणवतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली येते, मग व्रण पडतात. घोट गिळवत नाही, वजन घटते, चेहऱ्याच्या मापाने बनवलेला मुखवटाही सैल होतो. रुग्ण चार दिवस घरी बसतो आणि तेवढ्या अवधीत उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. वेदनेपायी जीवच पणाला लागतो तो असा.

म्हणून तयारी आधीच हवी. किडके दात उपचारापूर्वी दाखवावेत. काढावे लागलेच, तर जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत. तंबाखू पूर्ण बंद. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, पण आपल्या माताभगिनींच्या मिश्रीला अजूनही कोणी व्यसन म्हणत नाही! मऊ ब्रश वापरावा. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. बाजारातील मद्यार्कयुक्त माउथवॉश टाळावा. बेंझिडामिनच्या गुळण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात. सौम्य लेझरचा उपयोगही सिद्ध झाला आहे, मात्र ती सोय सर्वत्र नाही.

आपल्या स्वयंपाकघरातील दोन पदार्थांची रीतसर परीक्षा झाली आहे. मलेशियात २००३ मध्ये ४० रुग्णांवरील अभ्यासात किरणोपचाराच्या आधी व नंतर तोंडात मध घोळवल्याने तीव्र व्रण कमी झाले. मंगळुरूच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये हळदीच्या गुळण्यांचा अनुभव मांडला. व्रण उशिरा आणि सौम्य आले. याचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु मध-हळदीच्या भरवशावर किरणोपचार सोडणे हा आयुर्वेदाचाही सन्मान नव्हे. मधुमेही रुग्णाने तर विचारल्याशिवाय मध घेऊच नये.

आहाराचा प्रश्न मराठवाड्यात विशेष कठीण. ठेचा, काळा मसाला, कडक भाकरी यांवाचून जेवण झाले असे ज्याला वाटत नाही, त्याला महिना-दोन महिने ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी, दूध, मुगाचे वरण यांवर काढावे लागते. घरातील इतरांनीही त्याच्यासमोर ठेच्याचे ताट मांडू नये.

कार्यकर्त्याने रुग्णाच्या घरी जायचे ते तिसऱ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी सोबतीला सगळेच असतात. वजन लिहून ठेवावे. घास बंद झाला, ताप आला किंवा तोंडात पांढरा थर दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नळीवाटे अन्न देण्याचा सल्ला मिळाला, तर घाबरू नये. ती नळी पुढे निघते. आणि शेवटचा किरणोपचार झाला म्हणजे व्रणही लगेच गेले, असे होत नाही. ते भरायला आणखी काही आठवडे लागतात, तोवर गुळण्या चालूच ठेवाव्यात.