वैद्यकीय खटल्यांचा तरुण वकील



बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये बारावीनंतर पाच वर्षे कायदा शिकलेले तरुण वैद्यकीय निष्काळजीपणाचे खटले चालवू लागतात, तेव्हा त्यांच्या अभ्यासात एक महाराष्ट्रातला खटला हमखास असतो : जोशी विरुद्ध गोडबोले. १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला वीस वर्षांचा तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. तरी ते न्यायालयाची पायरी चढले. रुग्ण स्वीकारावा का, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर दक्षता घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितले. निर्णयातील साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने स्पष्ट केले. पाल्याने ही वाट निवडल्यास त्याला दोन्ही निकाल वाचायला सांगावेत. रुग्ण आणि डॉक्टर, दोघांनाही न्याय द्यायचा असतो.