घोड्यांचा करार आणि आपली एक-ई
(नांदूरघाट येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत लागलो. दिवसा माल उतरवतो आणि पाठ ठणकून झोप येत नाही त्या रात्री कविता लिहितो. शिबिरवाल्यांनी सांगितलं होतं, कवितेवर बोल. पण एसटीतून उतरलो तर पारावरच एका पोरानं धरलं. "दादा, आपल्या मंडळाचं शेड गायरानावर हाय. उद्या जंगल करायचं म्हनून जागा घेतली तर आपुन जायाचं कुठं?" शेड म्हणजे काय, चार पत्रे, एक कॅरम, बाबासाहेबांचा फोटो आणि व्यायामाचे दोन डंबेल. पण संध्याकाळी पोरं तिथं बसतात, नाहीतर गुत्त्यावर बसली असती. म्हणून कविता राहू द्या. आज मी क्लबावर बोलणार. आपल्या क्लबावर आणि त्यांच्याही.

त्यांचा क्लब मी रोज लोकलच्या दारातून बघतो. महालक्ष्मीला रेसकोर्स आहे. १८८३ पासून तिथं घोडे पळतात. जागा दोनशे अकरा एकर. मालकी कुणाची? राज्य सरकारची आणि महापालिकेची, म्हणजे तुमची माझी. आमच्या गोदीतले कामगारही पगार झाला की तिथं जातात, स्वस्तातल्या बाजूला उभे राहून घोड्यावर पैसे लावतात आणि चालत घरी येतात. सभासदांचा कट्टा वेगळा, तिकडं आमचा वारासुद्धा जात नाही.

तर ह्या क्लबाचा भाडेकरार ३१ मे २०१३ रोजी संपला. नीट ऐका. करार संपला तरी घोडे पळत राहिले, एकदोन नाही, दहा वर्षांच्या वर. मला सांगा, करार संपल्यावर दुसऱ्याच्या जागेवर बसून राहणाऱ्याला आपल्या तलाठ्याच्या भाषेत काय म्हणतात? पण त्या दहा वर्षांत कुठल्या प्रस्थापित पेपरात मी 'घोड्यांचं अतिक्रमण' असा मथळा वाचला नाही. ते 'प्रश्न प्रलंबित' असं लिहीत होते.

मग तिथं बाग करायचं निघालं. मोठी, सगळ्यांना खुली. चांगली गोष्ट आहे. मुंबईत श्वास घ्यायला जागा नाही, बागेला माझा विरोध नाही. घोडे मुलुंडला हलवायची चर्चाही पेपरात झाली. पण हलवलं का? नाही. जानेवारी २०२४ मध्ये क्लबाच्या सभासदांनी मतदान केलं. मतदान! आणि त्याच वर्षी ठरलं की एकशेवीस एकर बागेला, एक्याण्णव एकर क्लबाला, आणि तीस वर्षांचा नवा करार. २०५३ पर्यंत घोडे निर्धास्त.

आता त्याच शहराच्या उत्तर टोकाला चला. बोरीवलीचं राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. तिथं वारल्यांचे पाडे उद्यानाच्या आधीपासूनचे, आणि कडेकडेनं आपल्यासारख्यांच्या झोपड्या, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून तोंड वर करून गेलेल्यांच्यासुद्धा. १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला, झोपड्या हटवा. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा दाखवेल तो पात्र. पात्र झाला की सात हजार रुपये भरायचे आणि घराची वाट बघायची. ती घरं चांदिवलीला उभी राहिली, पण बऱ्याच वर्षांनी. बाकीच्यांवर बुलडोझर. तिथं मतदान घेतलं का कुणी? जंगल वाचलं पाहिजे, बिबट्या वाचला पाहिजे, मान्य. मग वाटाघाटीचं टेबल घोड्यासाठीच का?

माझ्या वस्तीत एक म्हातारा आहे, त्या जंगलाच्या कडेला राहिलेला. मी विचारलं, आबा, तुमचं काय झालं? म्हणाला, "रेशनकार्ड पावसात भिजलं रं. अक्षरं गेली. मानूस होता, कागद नव्हता." बस्स, एवढंच. पुढं बिडी पेटवली.

क्लब म्हटलं की मला बाळू पालवणकर आठवतो. चांभाराचं पोर. पुण्याच्या गोऱ्या क्लबात खेळपट्टी लाटायला होता, साहेबांना चेंडू टाकता टाकता देशातला मोठा गोलंदाज झाला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. आणि पुण्याच्या हिंदू क्लबाकडून खेळताना त्याला चहा मिळायचा बाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानात त्याचा हात चालत होता, कपबशी चालत नव्हती. सांगायचं हे की क्लब ही नुसती करमणूक नसते. जमिनीवर कोण हक्कानं बसणार आणि कोण उभा राहणार, हे तिथं ठरतं.

आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, १९९४ साली मोरांचं नायगाव अभयारण्य झालं. म्हणजे हे मुंबईचंच दुखणं नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानाचं प्रकरण निघालं, दोन लाखांवर अतिक्रमणांचा आकडा आला आणि गावोगाव नोटिशींनी धडकी भरली. ही गायरानं कुणी फुकट दिली नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात आपली म्हातारी माणसं लेकराबाळांसकट तुरुंगात गेलीत. त्यातून पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला, १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करायची म्हणून. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल, ज्याच्या नावानं आपल्याला हाकलायची भाषा होते, त्यातच अपवाद लिहिलाय: सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर आधीच शाळा, दवाखाना, सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येतं. हे वाक्य तुम्हाला कुणी वाचून दाखवणार नाही. तुम्हीच वाचा.

घोड्यांकडं वकील होते, करार होता, नकाशा होता. आपल्याकडं काय आहे? गाव नमुना एक-ई. तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही. आपल्याला तिची लाज वाटते, त्यात नाव म्हणजे चोर ठरलो असं वाटतं. अरे, तीच आपली साक्ष आहे! कुठल्या साली कोण कुठं कसत होता, हे तिथं लिहिलंय. आज्यानं भरलेल्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत असतील, त्या बाहेर काढा. आपलं शेड मात्र नंतरचं आहे, १९९० च्या आधीचं नाही, हेही खरं सांगतो. त्याला पावती नाही. त्यासाठी वेगळं भांडावं लागेल: ग्रामसभेत उभं राहून, वाचनालय म्हणून, सार्वजनिक सोय म्हणून ठराव मागावा लागेल. तिथं आधी दहा पुस्तकं तरी ठेवा, नाहीतर कॅरमकडं बघून लोक हसतील. दोन पुस्तकं मी आणलीत.

उद्या सकाळी दहाला तलाठी कार्यालयासमोर जमायचं. एक-ईच्या नकलेसाठी अर्ज लिहून आणलेत, ज्याला सही येत नाही त्यानं अंगठा द्यावा. माझी परतीची एसटी चारची आहे, तोवर मी रांगेत आहे.

जयभीम.