खुर्चीसकट आभाळात

 

आज मी फुग्यावर बोलणार आहे. जत्रेतल्या नव्हे, माणसं घेऊन वर जाणाऱ्या मोठ्या फुग्यावर. हसू नका, ऐका तर खरं.

माझ्या जावेची लेक 14 वर्षांची आहे, चाकांच्या खुर्चीवर असते. तिने मोबाइलवर तो फुगा पाहिला. "काकू, मला बसता येईल का यात? वरून माहुलीचे सुळके बघायचेत." मागे एका जत्रेत आकाशपाळण्यावर तिला दोघांनी उचलून बसवलं होतं. घरी येऊन म्हणाली, "मी काय भाताचं पोतं आहे?" म्हणून या वेळी मी नुसतं "बघू" म्हटलं नाही, चौकशी केली.

फुगे दोन तऱ्हेचे. एक गरम हवेचा; लोणावळा-कामशेतकडे असे उडवले गेलेत. खाली वेताची छातीभर उंच टोपली. तिला बहुधा दार नसतं, भोकांत पाय रोवून चढायचं. वारा नेईल तिकडे हा जातो. उतरताना टोपली आपटते, कधी आडवी होते, म्हणून गुडघे वाकवून घट्ट धरून राहावं लागतं. परदेशात दाराच्या, आत पट्ट्याची बैठक असलेल्या टोपल्या आहेत. तशी नसेल तर मी आमच्या पोरीला पाठवणार नाही.

दुसरा फुगा बांधलेला. त्यात हेलियम वायू असतो. पोलादी दोरावर, विहिरीच्या रहाटासारखा वर सोडायचा आणि खाली ओढून घ्यायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन शहराच्या सार्वजनिक बागेत 2007 साली असा फुगा सुरू झाला, 400 फूट वर जाणारा. हा जिथून उठतो तिथेच बसतो. माणसं गोल सज्जात उभी राहतात. सज्जाला रुंद दार आणि जमिनीपासून उतार असला की खुर्ची आत जाते. वारा जोरात असेल तर मात्र कुणालाच नेत नाहीत.

मला नवल याचं वाटलं, की 400 फूट वर न्यायची सोय होते आणि माणूस अडतो खालच्या पायरीवर!

उताराचा हिशेब सोपा आहे. 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. दार मोकळं 3 फूट. हाच हिशेब अंगणवाडीला, दवाखान्याला, बागेच्या फाटकालाही. गुरं शिरू नयेत म्हणून आपण फाटकाला आडवे बार लावतो, त्यात खुर्चीही अडकते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 29 करमणुकीचं आहे. मैदानी शिबिरं, साहसी उपक्रम यांत भाग घेता यावा, असं त्यात लिहिलंय. तेव्हा कुणी "हे कसले लाड" म्हणालं तर हे कलम सांगा. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते कुठे गेले, ग्रामसभेत विचारा.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा आहे. पाळणेवाले सामान उतरवतील तेव्हाच आमचा गट त्यांना गाठणार, चौथऱ्याला फळ्यांचा उतार करून मागणार. पाळण्यात बसताना हात कुणी द्यायचा ते पोरगी ठरवेल. काल मोजपट्टी लावली. तिची खुर्ची 25 इंच भरली.