मध्य लटपटीत
(मंडळाच्या वाङ्मयीन कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार वाचकाएवढाच. पण चाळिशी ओलांडल्यावर एक लेखिका मला फार जवळची वाटू लागली. त्या म्हणजे गौरी देशपांडे.

जन्म १९४२ चा. महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची कन्या. शिक्षण आणि अध्यापन इंग्रजीचे. पहिला कवितासंग्रहही इंग्रजीतच, १९६८ साली. बर्टनच्या 'अरेबियन नाइट्स'चे १६ खंड त्यांनी मराठीत आणले. पण स्वतःच्या मराठी कथांचे पुस्तक, 'एकेक पान गळावया', आले ते १९८० साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यातल्या एका दीर्घकथेचे नावच 'मध्य लटपटीत'! आपल्या वयाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

त्यांच्या नायिका बहुधा तारुण्य ओसरलेल्या, घरदार, मुलेबाळे असलेल्या. तरी आतून एकट्या. जोडीदार कितीही प्रेमाचा असला, तरी काही गोष्टी ज्याच्या त्यालाच निस्तराव्या लागतात, हे गौरीबाई रडगाणे न गाता सांगतात. जुन्या पद्धतीच्या रुळांच्या सांध्यात आम्ही मुद्दाम फट ठेवतो. ती नसेल तर उन्हाळ्यात रूळ वाकतो. संसारातही तशी फट लागते, हे मला 'थांग' आणि 'गोफ' वाचून पटले.

चंडीगडमध्ये आपण दिवसभर हिंदी-पंजाबी बोलतो, कार्यालयात इंग्रजी लिहितो. काम अडत नाही. पण गावाकडच्या वडिलांची काळजी, मुले शिकायला दूर जाणार ही हुरहूर, जिना चढताना गुडघ्यात आलेली पहिली कळ, हे त्या भाषांत सांगायला जमत नाही. मग 'सब ठीक है' म्हणून आपण मोकळे होतो, आणि हळूहळू घरीही गप्प होतो.

गौरीबाई पुढे फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिल्या. तिथल्या दिवसांवरचे 'विंचुर्णीचे धडे' १९९६ चे, 'उत्खनन' २००२ चे. १ मार्च २००३ रोजी त्या गेल्या. उशिरा सापडलेला आवाज त्यांनी अखेरपर्यंत जपला.

माझी एक सूचना आहे. उत्सवाच्या दहा दिवसांत आपण भरपूर भेटतो. विसर्जनानंतरही महिन्यातून एक संध्याकाळ चाळिशीपुढच्यांनी नुसते मराठीत बोलायला जमावे. सल्ला कोणी देऊ नये, फक्त ऐकावे. भगिनीवर्ग हे फोनवर करतोच. खुर्च्या मांडाव्या लागतील त्या आम्हा पुरुषांसाठी. पहिल्या दिवशी चहा माझ्याकडे.