आधी खूण, मग पाना

कारखान्यात प्रेशर गेजकडे जाणारी स्टीलची बारीक नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्या टोकाच्या नटात दोन छोट्या कड्या असतात, त्यांना फेरूल म्हणतात. नट आवळला की त्या नळीला कायमच्या चावून बसतात.

जोड उघडण्याआधी व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, टॅग लावा आणि लाइनमधला दाब सुरक्षित जागी सोडा. गेजचा काटा शून्यावर दिसला म्हणून फसू नका, त्याची वाटच तुंबलेली असू शकते. नट सैल करून दाब काढणं हा तर जिवाशी खेळ!

आता नटामागे नळीवर एक रेघ मारा, दुसरी नट आणि जोडाच्या बॉडीवरून सरळ ओढा. मग जोड उघडा. पुन्हा जोडताना कड्या टेकेपर्यंत नळी आत घाला. एका पान्याने बॉडी धरा, दुसऱ्याने रेघा जुळेपर्यंत नट फिरवा. तिथे हाताला एकदम जोर लागतो. मग अगदी किंचित आवळा. नव्या पाव इंची जोडाला हाताने घट्ट केल्यावर सव्वा फेरा देतात. तोच हिशेब जुन्याला लावू नका. आणि एका कंपनीचा नट दुसरीच्या बॉडीवर? बसला तरी नको.

शेवटी दाब हळूहळू द्या. जोडावर लावलेल्या साबणाच्या पाण्यात बुडबुडा दिसलाच, तर पुन्हा दाब उतरवूनच पान्याला हात लावा.