शाळेला पायी जाऊ या
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत, पण मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे पाचच घेतो.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये सायकलीच जास्त होत्या. मुलं घोळक्यानं शाळेत जायची. शाळा आजही तीच, अंतर तेच, जेमतेम पाऊण किलोमीटर. आणि आता सकाळी पावणेसातला गेटवर उभे राहून बघा! गाड्या, स्कूटर, रिक्षा, आणि वॉचमनकाकांची शिट्टी.

मीही त्यातलाच. नातवाला स्कूटरवरून सोडायचो. जूनमध्ये शाळेच्या दारात वळताना माझ्या स्कूटरचा धक्का एका चिमुरडीला लागला. गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावलं. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. तेच फार लागलं. रस्त्यावर धोका आहे म्हणून मी नातवाला गाडीवर नेत होतो, आणि दुसऱ्याच्या मुलीला धोका माझाच झाला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पायी निघालो. आठवडाभर त्याचे पाय दुखले (माझेही). आता वाटेतल्या तिन्ही कुत्र्यांना त्यानं नावं ठेवलीत, आणि मला मागे टाकून पुढे पळतो.

ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९०च्या दशकात ‘वॉकिंग स्कूल बस’ची कल्पना मांडली. म्हणजे पायी चालणारी बस! पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मध्ये मुलं. थांबे आणि वेळ ठरलेली. जपानमध्येही अनेक ठिकाणी प्राथमिक शाळेतली मुलं अशीच गटानं जातात, थोरली धाकट्यांना सांभाळतात. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, चालत जाण्याच्या अंतरावर असावी असं धरलंय.

आता तुम्ही म्हणाल, फुटपाथ कुठाय? बरोबर आहे. चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. आपल्या कोपऱ्यावर मी टेप लावून मोजलं. विजेचा डबा आणि उभ्या केलेल्या दुचाकी सोडून उरतात दोन फूट. त्यातल्या चार दुचाकी आपल्याच सोसायटीच्या आहेत. नावं घेत नाही. त्या आज रात्रीच आत घ्या. बाकीच्यासाठी वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलाय, सही केल्याशिवाय ताट घेऊ नका.

रोज दोन मोठी माणसं लागतील. सोमवार आणि गुरुवार माझे. बी विंगच्या काकूंनी मंगळवार घेतलाय. बुधवार, शुक्रवार रिकामे आहेत, आणि माझ्या जोडीलाही कुणी तरी हवंच.

सोमवारी पावणेसातला गेटपाशी उभा आहे. मुलांना छत्री द्या.